पातळी

टाकी उचलून खाली पायली लावली होती,
घसा बघताना जीभ दाबून धरतात तशी.
समोर कूलर, टाट्या काढलेला, पाण्याविना.
आम्ही घामात, वारा इंजिनाला.
मे महिना. संध्याकाळी सातलाही ओटा चटके देत होता.

अवधूतनं ही गाडी अकोल्याहून आणली, तिसऱ्या हाताची,
दोन सिलिंडरची.
दोघांचा श्वास जुळत नव्हता.
मागं बसलं की माझ्या मांड्यांना मुंग्या,
आरशात दारव्ह्याचा रस्ता थरथरायचा
म्हाताऱ्याच्या हातातल्या बशीसारखा.

शोरूमवाला म्हणाला, नागपूरला न्या, चार हजार.
आयटीआयत पोरांना डिझेल शिकवणारा माणूस,
त्याला ते लागलं.
रात्री जेवता जेवता मला विचारतो,
"तुयाकडं सलाइनच्या नळ्या हायेत का, मुदत संपलेल्या?"

उपकेंद्राच्या भंगारातून तीन सेट आणले.
देवघरातला जुना पाट उभा केला,
चिकटपट्टीनं नळी लावली, झोक्याच्या दोरासारखी वाकवून,
आत गिअरचं लाल तेल.
एक टोक डाव्या थ्रॉटलला, एक उजव्या.

पहिल्या दिवशी नळी आखूड पडली.
बटण दाबलं आणि डाव्यानं
सगळं तेल एका घोटात ओढलं.
पांढरा धूर. कोंबड्या पऱ्हाटीच्या कुपाखालून पसार.
भिकाजी आजा काठी टेकत आला:
"कोनाले रगत चढवून राह्यली वो सिस्टर?"

दुसऱ्या दिवशी तिन्ही नळ्या जोडल्या.
तेल डावीकडं चढलं, चार बोटं,
आणि तिथंच धडधडत राहिलं.
अवधूत वरून वाकून पाहत होता.
मी म्हटलं, वरून नको. डोळा पातळीत आण.
तळ वाच, कडा नको.

अकरा वर्षं मी पारा वाचलाय.
मागच्या साली पाऱ्याच्या पेट्या परत नेल्या,
आकडे दाखवणारं यंत्र दिलं.
आकडा स्पष्ट दिसतो,
त्याच्या आधीची ती थरथर दिसत नाही.

मग पिशवीतून स्टेथो काढला.
डाव्याची शीळ बारीक, उजव्याची पसरट.
"डाव्याचं दार जास्त मिटलंय."
तो माझ्याकडं पाहत राहिला,
पोटातल्या पोराचे ठोके सांगते तेव्हा
बाया पाहतात तसा.

पांढरा ठिपका दिलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही,
तो कंपनीचा.
मधला फिरवायचा. पाव आटा. अं हं, जास्त झाला.
अर्धा मागं. श्वास घेण्याएवढाच पुढं.
तेल उतरू लागलं, तीन बोटं, दोन,

आणि लाइन गेली.

कूलर थांबला, इंजिन तापायला लागलं, त्यानं चावी फिरवली.
अंधारात टॉर्च मारला तर
दोन्हीकडं तेल अगदी समान.
"जमलं!" तो म्हणाला.
मी म्हटलं, बंद पडल्यावर सगळ्यांचंच जमतं.
मी पाहिलंय.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
धुऱ्याकडून कोणाचा तरी बैल हंबरला.

दहाच्या सुमारास कूलर आपला आपण घरघरला.
पुन्हा चावी, पुन्हा लाल धडधड.
शेवटी नखभर फरक उरला, तो काही जाईना.
तो स्क्रूशी झटत होता, मी पेचकस काढून घेतला.
राहू दे.
माणसाच्या दोन हातांचं बीपीही सारखं नसतं.

नळ्या काढल्या, तर एका तोंडाचं रबरी टोपण गायब.
ओटा झाडला, मोरी पाहिली,
कोंबडीवर संशय घेतला.
शेवटी सलाइनच्या सेटला असतं ते रबराचं बोंडूक,
सुई टोचायचं,
कात्रीनं कापलं, दाबून बसवलं.

अजून तेच आहे.
तीन उन्हाळे झाले, मुदत संपलेलं,
हवा सुटत नाही.